वीरगळ आणि विमान

मागच्या महिन्यात चार दिवसांची रजा टाकून भाच्याला भेटायला सायलीला गेलो होतो. सायली म्हणजे सिल्वासाजवळचं गाव, भाचा तिथे डॉक्टरकी शिकतो. मडगावहून वापीपर्यंत रेल्वे आणि पुढे रस्त्याने. गोव्याच्या माणसाला ही वाट परकी नाही. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगीजांच्या हातून सुटलं, तेव्हा त्या लढ्यात आझाद गोमंतक दलाचे आपले लोकही होते. हे मी भाच्याला सांगत होतो आणि तो मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता. मग एकदम फोन माझ्यापुढे धरून म्हणाला, "मामा, हे बघ. दफनभूमीत असलं काही ठेवणं तुला शोभतं का?"

फोटो अमेरिकेतला होता. कॅलिफोर्नियात बरबँक विमानतळाला लागूनच वल्हाला नावाची दफनभूमी आहे. तिथे १९२४ साली बांधलेली एक मोठी घुमटाची कमान आहे. राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली त्या दिवशी, म्हणजे १७ डिसेंबर १९५३ रोजी, ती विमानविद्येच्या आद्य मंडळींचं स्मारक म्हणून अर्पण केली गेली. नाव दिलं 'पोर्टल ऑफ द फोल्डेड विंग्ज', मिटल्या पंखांचं दार. तिथे अंतराळयानाची एक प्रतिकृतीही उभी आहे, चॅलेंजर आणि कोलंबिया यानांतल्या मृतांच्या आठवणीसाठी. भाच्याचा आक्षेप या प्रतिकृतीवर होता. "ज्या यानात माणसं गेली तेच त्यांच्या स्मारकापाशी मांडायचं? उद्या अपघातात गेलेल्याच्या फोटोशेजारी मोटारसायकल ठेवाल!"

हसण्यावारी न्यावं असा हा मुद्दा नाही. आपल्याकडे स्मशानात कुणी बघायला म्हणून जात नाही. तिथून आलं की आधी अंघोळ. ख्रिस्ती शेजारी २ नोव्हेंबरला कबरीवर फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात, पण तीही प्रार्थनाच असते, प्रदर्शन नव्हे. मी त्या रात्री भाच्याला उत्तर दिलं नाही. परतीच्या गाडीत मात्र डोक्यात तेच घोळत राहिलं.

आणि आठवला तो वीरगळ.

जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात कदंबकाळातले वीरगळ आहेत, त्यात जहाजं कोरलेला आहे. मुंबईत बोरिवलीजवळ एकसरला तर आरमारी लढाईचे वीरगळ ओळीने उभे आहेत. वल्ह्यांच्या रांगा, दाटीने उभे सैनिक. वीर ज्या जहाजावर पडला ते जहाज त्याच्याच स्मारकावर दाखवायला आपले पूर्वज कचरले नाहीत. म्हणजे भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर आपल्या मातीत निदान आठशे वर्षं उभं आहे. फक्त वीरगळाची मांडणी नीट पाहायला हवी. खालच्या चौकटीत लढाई आणि मरण. त्याच्या वर अप्सरा वीराला घेऊन चाललेल्या. सगळ्यात वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला. जहाज खाली, माणूस वर. जहाज कितीही बारकाईने कोरलेलं असलं तरी ते चौकट ओलांडून वर येत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. स्मारकापाशी यंत्र ठेवायला हरकत नाही, पण ते खालच्या चौकटीत राहिलं पाहिजे.

त्या कमानीखाली चार्ली टेलर नावाचा मनुष्य पुरलेला आहे. राइट बंधूंच्या सायकलच्या दुकानातला हा मेकॅनिक. १९०३ च्या विमानाचं इंजिन याने सुमारे सहा आठवड्यांत घडवलं. जगाने राइट बंधूंची नावं पाठ केली आणि टेलर मागे राहिला. म्हातारपणी तो इस्पितळाच्या धर्मादाय वॉर्डात सापडला, तेव्हा विमानक्षेत्रातल्या लोकांनी पैसे गोळा करून त्याची सोय केली. १९५६ साली तो गेला आणि त्याला इथे जागा मिळाली. मी सरकारी कारकून. सही साहेबाची असते, फाईल आमची असते. म्हणून असेल कदाचित, पण ती कमान मला टेलरमुळे पटते. विमान पाहून लोक थांबतील आणि थांबले म्हणून टेलरचं नाव वाचतील, तर विमानाने आपलं काम केलं.

आणि घरच्यांचं काय? चॅलेंजर २८ जानेवारी १९८६ ला कोसळलं, कोलंबिया १ फेब्रुवारी २००३ ला. दोन्हींत सात-सात माणसं गेली, कोलंबियात आपली कल्पना चावला. चॅलेंजरचे अवशेष नासाने क्षेपणास्त्रांच्या जुन्या भुयारी कोठारांत बंद करून ठेवले होते. २०१५ साली त्यातला एक तुकडा आणि कोलंबियाच्या खिडक्यांच्या चौकटी फ्लोरिडातल्या केनेडी अवकाश केंद्रात लोकांना पाहण्यासाठी मांडल्या गेल्या, पण मृतांच्या कुटुंबांना विश्वासात घेऊन. तिथे प्रत्येकाच्या स्वतःच्या वस्तूही आहेत. जे दडवलं होतं ते उघडं केल्याने अपमान झाला नाही, कारण आधी विचारलं गेलं.

आता घराकडे येतो. १ ऑक्टोबर २००२. मी नुकताच बी.ए. होऊन नोकरीच्या शोधात होतो. नौदलाच्या आयएनएएस ३१५ या तुकडीला पंचवीस वर्षं झाली म्हणून दाबोळीवर हवाई संचलन होतं. दोन आयएल-३८ विमानं हवेतच एकमेकांना धडकली. दोन्हींतले बाराही नौसैनिक गेले आणि खाली आपल्या कामात असलेली साधी माणसंही गेली. मी वास्कोत होतो. धुराचा लोट अजून डोळ्यांपुढे आहे. ते आयएल-३८ २०२३ च्या ऑक्टोबरअखेर सेवेतून निवृत्त झालं, तेव्हा त्याच्या प्रदीर्घ सेवेचे गोडवे गायले गेले. ते योग्यच होतं. पण मला मात्र तो धूर आठवत होता.

पुढे एका परक्या शहरात, चौकात उभं केलेलं निवृत्त लढाऊ विमान पाहायला मुलीला नेलं. पाटीवर वेग, लांबी, इंजिनाची ताकद, उद्घाटन करणाऱ्याचं नाव, सगळं होतं. मुलीने पाटी दोनदा वाचली आणि विचारलं, "बाबा, हें विमान उडयताले ते खंय गेले?" मी इकडेतिकडे पाहिलं. उत्तर द्यायला तिथे एक अक्षर नव्हतं. जहाज कोरलं होतं, वीरच राहून गेला होता.

तेव्हा भाच्याला मी फोनवर कळवलं ते आमच्या कचेरीच्या भाषेत, 'सशर्त मंजूर'. अटी तीन. मृतांच्या घरच्यांना आधी विचारावं. नावं यंत्राच्या आधी दिसावीत, आणि त्यात उडवणाऱ्याइतकंच दुरुस्ती करणाऱ्याचं नाव असावं, आणि दाबोळीसारख्या ठिकाणी खाली उभ्या असलेल्यांचंही. तिसरी अट म्हणजे उद्घाटकाची पाटी सगळ्यात लहान असावी. पोरं विमानापुढे फोटो काढतात त्याचा मला राग नाही. पोरं ती! फोटोत मागे एखादं नाव आलं की झालं.

भाचा म्हणाला, "मामा, तिसरी अट कुणी पाळणार नाही."

ते मला ठाऊक आहे. पण शेरा तर मारून ठेवला पाहिजे.