आधी ऐका, मग काढा

निकाल लागले की कोल्हापुरातल्या कॉलेजांच्या ऑफिसबाहेर हवालदिल पालक दिसू लागतात. कुणाच्या मुलाची टर्म ग्रँट झालेली नाही, कुणाच्या मुलीचा प्रवेश रद्द झाला आहे. राधानगरी, गगनबावडा, चंदगडहून पहाटेची एसटी धरून आलेल्या बापाच्या खिशात पुढाऱ्याची चिठ्ठी असते, अर्ज मात्र नसतो. तो कुणाकडे करायचा हेच त्याला कुणी सांगितलेले नसते.

याच कोल्हापुरात एका मुलाला बोर्डिंगमधून काढून टाकले होते. कुंभोजचे भाऊराव पाटील राजाराम हायस्कुलात शिकत आणि जैन बोर्डिंगमध्ये राहत. अस्पृश्य मुलांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले आणि परतल्यावर शुद्धीची आंघोळ करायला त्यांनी नकार दिला. तेवढ्यावरून त्यांची हकालपट्टी झाली. दाद मागायला ना समिती होती ना नियम. राजर्षी शाहू महाराजांनी आसरा दिला म्हणून ते कोल्हापुरात टिकले. हेच भाऊराव गणितात नापास झाले तेव्हा त्यांना वर घालावे म्हणून महाराजांनी शब्द टाकला. गणिताच्या शिक्षकांनी तो मानला नाही, अशी हकिकत सांगितली जाते.

पहिला निर्णय अन्यायाचा होता, तो फिरायलाच हवा होता. दुसरा योग्य होता आणि तो छत्रपतींच्या शब्दानेही फिरला नाही, हे त्या शिक्षकाचे मोठेपण. अपिलाची सोय हवी ती या दोहोंतला फरक ओळखण्यासाठी. अभ्यास न करणाऱ्याला पास करावे, असे कुणीच म्हणत नाही. पण आजारपणामुळे हजेरी कमी पडली, शिष्यवृत्ती अडकल्याने फी थकली, गुणांची नोंदच चुकली, असे असेल तर त्या मुलाचे म्हणणे ऐकल्याशिवाय त्याचे वर्ष बुडवण्याचा अधिकार कुणालाही नाही.

आज त्यासाठी राजाची गरज उरलेली नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३च्या नियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती असणे बंधनकारक आहे. तिने शक्यतो कामकाजाच्या १५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर तो मिळाल्यापासून १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येते आणि त्यांनी ते ३० दिवसांत निकाली काढणे अपेक्षित आहे. नुसते गुण वाढवून मागणारा अर्ज लोकपाल घेत नाहीत. निकालावर परिणाम करणारी ठोस अनियमितता किंवा भेदभाव दाखवावा लागतो. ही सगळी माहिती माहितीपुस्तकात आणि वेबसाइटवर ठळकपणे द्यावी, असेही नियम सांगतो. तरी गावाकडून आलेल्या बापापर्यंत ती पोचत नाही आणि पंधरा दिवस चिठ्ठ्या गोळा करण्यातच निघून जातात.

विद्यार्थ्यांनी चिठ्ठीच्या मागे न लागता कारण लेखी मागावे. अर्जाला डॉक्टरांचा दाखला, फीची पावती, जे असेल ते जोडावे आणि आवक क्रमांकासह पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. तोंडी विनंतीला कागदोपत्री किंमत नसते.

बोर्डिंगमधून काढलेल्या त्या मुलाने १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका छताखाली ठेवणारे वसतिगृह उभे केले. त्याच्या जिल्ह्यातल्या कॉलेजांनी आणि शिवाजी विद्यापीठाने एवढे तरी करावे: प्रवेश रद्द करणाऱ्या किंवा परीक्षेला बसू न देणाऱ्या प्रत्येक आदेशावर कारण लिहावे आणि त्याखाली अपील कुणाकडे, किती दिवसांत करायचे, हे मराठीत छापावे. याला ना अनुदान लागते ना नवा कायदा. येत्या सत्रापासून हे सुरू व्हावे.