दहा दिवस आणि पंचवीस हजार दारं

जानेवारी 2026 चा पहिला आठवडा. सकाळी सातलाच फोन वाजला. ‘‘अगं, कपबशी मिळाली! दोन तास काढशील का माझ्यासाठी?’’

फोन होता आमच्या भिशीतल्या मैत्रिणीचा. पुणे महापालिकेच्या निवडणुकीत ती अपक्ष उभी होती. घरात कुणी राजकारणात नाही, पाठीशी पक्ष नाही. ड्रेनेज तुंबलं, टँकर आला नाही, की क्षेत्रीय कार्यालयात जाऊन ठाण मांडणारी ही बाई. आमच्या चार-सहा गल्ल्यांत तिला सगळे ओळखतात. म्हटलं, एवढं पुरेसं आहे की! डोक्याला स्कार्फ बांधला आणि निघाले.

पहिल्याच सोसायटीत वॉचमननं अडवलं. ‘‘चेअरमनसाहेबांची परवानगी आहे का?’’ परवानगी येईपर्यंत वीस मिनिटं गेली. मग जिने सुरू झाले. काही दारं साखळीपुरतीच उघडली. एका घरातून कुकरच्या शिट्टीबरोबर आवाज आला, ‘‘पत्रक दाराला अडकवून जा.’’ एक आजी मात्र आम्हाला बसवून पाणी देऊन म्हणाल्या, ‘‘चांगलं बोलतेस गं, पण तू कुठल्या पॅनेलची?’’

हा प्रश्न आम्हाला त्या दिवशी निदान तीस वेळा ऐकावा लागला. कारण प्रभाग चार जणांचा. अ, ब, क, ड अशा चार जागा, चार वेळा बटण दाबायचं. मैत्रीण समजावायची, ‘‘मी फक्त ‘क’ जागेसाठी आहे. बाकीची तीन मतं तुमच्या मनानं द्या.’’ समोरची मान डोलवायची, पण चेहऱ्यावर प्रश्नचिन्ह तसंच. तीन बटणं एका चिन्हाची आणि मधलंच एक कपबशीचं, हे लक्षात कोण ठेवणार?

वस्तीत गेलो तर दारं उघडीच होती. नळावरच्या बायकांनी घोळका केला. बसस्टॉपमागचा अंधार, सार्वजनिक संडासाचं तुटकं दार, पहाटेच येणारं पाणी, सगळं धडाधडा सांगितलं. मैत्रीण वहीत लिहून घेत होती. शेवटी एकजण हसत म्हणाली, ‘‘ताई, संक्रांत आली. वाण काय देणार?’’ संक्रांत 14 ला, मतदान 15 ला! आचारसंहितेच्या धाकानं तिनं पर्समध्ये तिळगूळसुद्धा ठेवला नव्हता. ‘‘काही देणार नाही. लिहून घेते, तेवढंच,’’ म्हणाली. बाई क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, ‘‘मग माझ्या गल्लीचं नाव नीट लिही.’’

घरी आले ती पाय सुजवूनच. रात्री डायरी घेऊन हिशेब मांडायला बसले, आणि हबकलेच.

पुण्यात मतदार 35 लाखांच्या घरात. प्रभाग 41. म्हणजे एका प्रभागात सरासरी 85 हजार मतदार. घरटी साडेतीन धरले तरी जवळजवळ पंचवीस हजार दारं. एका दाराला जिन्यासकट तीन मिनिटं धरा. रोज आठ तास चाललं तर 160 दारं होतात. अपक्षांना चिन्ह मिळालं 3 जानेवारीला आणि 13 ला संध्याकाळी प्रचार बंद. हातात दहा दिवस, दारं सोळाशे! सगळी दारं वाजवायची तर पाच महिने लागले असते.

तरी बरं, आमच्याकडे हे गणित कायम असंच नव्हतं. पुण्यात 2002 मध्ये तीन जणांचा प्रभाग होता, 2007 मध्ये एकाचा, 2012 मध्ये दोघांचा आणि 2017 मध्ये चौघांचा. मुंबईत तर यंदाही त्याच 15 जानेवारीला 227 प्रभागांतून एकेकच नगरसेवक निवडला गेला. पुण्याच्या बाईला मात्र चौघांचा प्रभाग एकटीनं पालथा घालायचा.

बरं, आधीपासून तयारी करावी म्हटलं, तर कुठे करणार? मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली. त्यानंतर जवळजवळ चार वर्षं प्रशासकच कारभार बघत होते. निवडणूक आज होईल, उद्या होईल, असं चाललेलं. कुठली जागा महिलांची, कुठली कोणत्या प्रवर्गाची, ही सोडत निघाली नोव्हेंबर 2025 मध्ये. म्हणजे आपण कुठून उभं राहू शकतो, हेच बाईला मतदानाआधी दोन महिने कळतं.

माझ्या लेकीनं लगेच अमेरिकेतलं उदाहरण दिलं. अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ. बारमध्ये काम करणाऱ्या या 28 वर्षांच्या मुलीनं जून 2018 मध्ये न्यूयॉर्कमध्ये पक्षांतर्गत निवडणुकीत दहा वेळा निवडून आलेल्या खासदाराला हरवलं. दारोदार फिरून तिच्या बुटांच्या तळव्यांना भोकं पडली होती. ते बूट पुढे कॉर्नेल विद्यापीठाच्या प्रदर्शनात मांडले गेले. ‘‘बघ, चालून जिंकता येतं!’’ लेक म्हणाली. येतं ना. पण ती वर्षभर चालत होती, आणि दोघांची मिळून मतं तीस हजारांच्या आतच होती. बुटांना भोकं पडायलासुद्धा वेळ मिळावा लागतो.

महाराष्ट्रानं 2011 मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांत बायकांना निम्म्या जागा दिल्या. त्याचा अभिमान आहेच. पॅनेलमुळे नवख्या बाईलाही पक्षाच्या ताकदीचा आधार मिळतो, हेही खरं. पण मग तिकीट कुणाला, हे ठरतं पक्षाच्या कार्यालयात. फ्लेक्सवर तिच्या फोटोपेक्षा तिच्या ‘साहेबां’चा फोटो मोठा असला, तरी तिला गप्प बसावं लागतं. स्वतःच्या बळावर उभं राहू पाहणाऱ्या बाईकडे भांडवल एकच असतं, ओळख. नळावरची, शाळेच्या फाटकावरची, भाजीच्या गाडीजवळची. ती चार गल्ल्यांत कमावलेली असते. प्रभाग जेवढा मोठा, तेवढी ती पातळ होत जाते. जागा राखीव मिळाली, पण तिथवर पायी पोचायची वाट आपण लांबवून ठेवली.

तेव्हा मैत्रिणींनो, मागायचंच असेल तर दोन साध्या गोष्टी मागू या. प्रभाग लहान हवा, एकाचा किंवा फार तर दोघांचा. आणि हद्दी व आरक्षण निदान सहा महिने आधी जाहीर व्हावं. यात कुणाला फुकट काही द्यायचं नाही. जी चालायला तयार आहे तिला चालू द्यायचं, एवढंच.

16 तारखेला निकाल लागला. मैत्रिणीची अनामत गेली. मी घाबरत घाबरतच तिच्याकडे गेले, तर बाईसाहेब जेवणाच्या टेबलावर ती वही पसरून बसलेल्या. गल्लीनिहाय तक्रारी वेगळ्या कागदांवर उतरवणं चाललं होतं. ‘‘सोमवारी क्षेत्रीय कार्यालयात जायचंय,’’ म्हणाली. ‘‘आणि हो, त्या आजींनी हळदीकुंकवाला बोलावलंय. तुलाही आण म्हणाल्या.’’

गेलो आम्ही. आजींनी हातावर तिळगूळ ठेवला आणि अगदी सहज म्हणाल्या, ‘‘मत नाही गं दिलं तुला. चार बटणांत गोंधळच झाला माझा.’’

मैत्रीण हसली. पर्समधून वही काढून म्हणाली, ‘‘असू दे आजी. तुमच्या जिन्यातला दिवा लागतो का आता?’’