कॉलम बदलण्याआधी

या महिन्याच्या टपालात स्टिअरिंगच्याच तक्रारी जास्त आहेत. त्यातली एक इथे मांडलीच पाहिजे. एका वाचक-मेकॅनिककडे जुनी हॅचबॅक आली. पार्किंगमध्ये स्टिअरिंग दगडासारखे जड, ईपीएसचा (इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगचा) दिवा लागलेला आणि गाडी पळत असतानाही स्पीडोमीटरचा काटा शून्यावर. त्यांनी गिअरबॉक्सवरच्या स्पीड सेन्सरचा कनेक्टर काढला, तर पिनांवर हिरवा गंज. पिना साफ केल्या, काटा हलला. पण दिवा विझेना. त्यांचा स्कॅनर इंजिन वाचतो, स्टिअरिंगच्या मॉड्यूलमध्ये मात्र शिरू शकत नाही. नाइलाजाने गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेली. तिथे मॉड्यूलमधला साधा फॉल्ट कोड पुसायचा सोडून अख्खा स्टिअरिंग कॉलम बदलायचे एस्टिमेट गिऱ्हाइकाच्या हातात ठेवले.

ही लूट आहे.

अशाच अडवणुकीबद्दल 25 ऑगस्ट 2014 रोजी स्पर्धा आयोगाने 14 कार कंपन्यांना 2,544 कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग आणि डायग्नोस्टिक टूल स्वतंत्र गॅरेजना खुले करा, असेही बजावले. पुढे प्रकरण कोर्टकचेऱ्यांत अडकले. डिसेंबर 2022 मध्ये ग्राहक व्यवहार खात्याने राइट टू रिपेअर पोर्टल काढले, त्यात वाहन क्षेत्रही घेतले. पोर्टल काढून खात्याचे काम संपत नाही. स्टिअरिंगचा कोड गल्लीतल्या गॅरेजात पुसता आला पाहिजे.

आपल्यातल्यांनाही बोलायला हवे. दिवा दिसला की कॉलम उतरवणारे कमी नाहीत. चालकाचा जोर टॉर्क सेन्सर सांगतो, पण मोटरला करंट किती द्यायचा हे वेगावर ठरते: उभ्या गाडीत भरपूर, 80 ला थोडा. वेगाचा सिग्नलच आला नाही, तर ईसीयू मदत तोडतो किंवा ठरावीक पातळीवर धरून ठेवतो. मोटर, कॉलम दोन्ही ठणठणीत असतात. पार्किंगमध्ये ही मोटर 30-40 अँपिअर सहज ओढते; म्हणून आधी लोडवर बॅटरी बघा, मग अर्थिंग, मग स्पीड सिग्नल. त्याआधी पाना हातात घेऊ नका.

आणि लिहा. मॉडेल, वर्ष, स्कॅनर कोणता, नेमके कुठे अडले आणि एस्टिमेटची प्रत. येत्या 15 तारखेपर्यंत पत्रे पाठवा. सगळा गठ्ठा आम्ही खात्याकडे नेऊन देणार आहोत.