बाकी आणि शेष

चौसाळा हे बीड तालुक्यातले, बीडहून सोलापूरकडे जाताना मांजरसुंब्यानंतर लागणारे गाव. तेथल्या एका विद्यार्थ्याने काही काळापूर्वी मला एक प्रश्न विचारला. तो मराठीचा पदवीधर. संगणकाचे शिक्षण घेत असताना, हैदराबाद मुक्तिसंग्रामातील तारखांचे वार काढून देणारी एक छोटी आज्ञावली त्याने जावा भाषेत लिहिली होती. आजच्या तारखेचा वार ती बिनचूक सांगे. १७ सप्टेंबर १९४८ ही तारीख घातली की मात्र ती कोलमडून थांबे. निजामाच्या राजवटीचा शेवट झाला तो हा दिवस. मराठवाड्यात तो मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा होतो, आणि लिहिणाऱ्याची सारी धडपड नेमकी याच तारखेसाठी होती. त्याचा प्रश्न असा : "सर, माझं गणित कच्चं आहे, की मराठीतून शिकल्यामुळे काहीतरी समजायचं राहिलं?"

या प्रश्नाच्या उत्तरार्धाने मी अस्वस्थ झालो. आधी त्याची चूक पाहू, कारण ती पाहण्यासारखी आहे.

बहुतेक संगणकप्रणाली काळ मोजतात तो १ जानेवारी १९७० या दिवसापासून. तो दिवस गुरुवार होता. त्यानंतरचे दिवस धन, आधीचे ऋण. वार काढायचा तर दिवसांच्या संख्येला ७ ने भागायचे आणि जी बाकी उरेल ती पाहायची : ० उरले तर गुरुवार, १ उरला तर शुक्रवार, आणि याप्रमाणे ६ पर्यंत. १७ सप्टेंबर १९४८ हा दिवस त्या गुरुवारच्या ७७७६ दिवस मागे आहे, म्हणून संख्या झाली उणे ७७७६. तिला ७ ने भागल्यावर बाकी किती?

याची दोन उत्तरे आहेत, आणि दोन्ही भागाकाराच्या नियमात बसतात. भाज्य म्हणजे भाजक गुणिले भागाकार अधिक बाकी, हे आपण शाळेत पाठ केलेले असते. भागाकार उणे १११० धरला तर बाकी उणे ६ येते. तो उणे ११११ धरला तर बाकी १ येते. समीकरण दोन्हीकडे जुळते. पहिल्या रीतीत भागाकार शून्याच्या दिशेने तोडला जातो. सी, जावा, जावास्क्रिप्ट या भाषा तसे करतात. दुसऱ्या रीतीत तो नेहमी खालच्या पूर्णांकाकडे नेला जातो. पायथन आणि रूबी यांची रीत ही. म्हणून पायथनमध्ये उत्तर १ येते, म्हणजे शुक्रवार, आणि तो दिवस खरोखर शुक्रवारच होता. जावामध्ये उत्तर उणे ६ येते. वारांच्या यादीत उणे सहावा वार नसल्याने आज्ञावली थांबते.

दोष मग कोणाचा? विद्यार्थ्याचा म्हणावा तर त्याने शाळेत शिकलेली व्याख्याच वापरली होती : बाकी ही भाजकापेक्षा लहान असते. साहित्याच्या वाचकांनी हे वाक्य नीट वाचावे. उणे ६ ही संख्या ७ पेक्षा लहान नाही काय? आहेच. वाक्य खोटे नाही, अपुरे आहे. 'बाकी शून्य किंवा शून्याहून मोठी, आणि भाजकाहून लहान' एवढे म्हटले असते तर एकच उत्तर उरले असते. ज्या इयत्तेत भागाकार शिकवतात तेथे ऋणसंख्या नसतात, म्हणून ही अट अध्याहृत राहते. पुढे ऋणसंख्या येतात, पण व्याख्येकडे कोणी परत जात नाही. ही गणिताची चूक मानली जाते. माझ्या मते ती गद्यलेखनाची चूक आहे. कवितेतला अध्याहार आपण विद्यार्थ्यांना उलगडून दाखवतो. व्याख्येतला अध्याहार उलगडणे हे कोणाचे काम आहे, हे मात्र आपण ठरवलेलेच नाही.

इंग्रजीतून शिकल्याने हा प्रश्न सुटला असता, असेही नाही. सी भाषेच्या १९८९ च्या प्रमाणात ऋणसंख्यांच्या भागाकाराची दिशा ज्याच्या त्याच्या यंत्रावर सोडली होती. ती १९९९ च्या प्रमाणात निश्चित झाली. डोनाल्ड क्नूथ यांनी १९६८ च्या आपल्या ग्रंथात खालच्या पूर्णांकाकडे जाणारी व्याख्या स्वीकारली होती. रेमंड बाउट यांनी १९९२ साली एका निबंधात, बाकी कधीच ऋण नसावी, या व्याख्येचा पुरस्कार केला. जावाने २०१४ च्या आठव्या आवृत्तीत दुसऱ्या रीतीसाठी वेगळी सोय दिली. म्हणजे जगातले जाणते लोकही या एका शब्दाच्या अर्थावर दीर्घकाळ अडखळत होते. चौसाळ्याच्या मुलाने आपल्या माध्यमाला बोल लावण्याचे काहीच कारण नाही.

उलट, मराठी मुलखात या प्रश्नाचा विचार फार जुना आहे. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ.स. १११४ चा. त्यांनी सांगितलेले विज्जलवीड म्हणजे बीड, असा तर्क काहींनी केला. त्यावर एकमत नाही, आणि तो दावा मला येथे करायचाही नाही. त्यांचे कुट्टक गणित मात्र या प्रश्नाशी थेट भिडते. क्षेप धन असताना आलेली उत्तरे क्षेप ऋण असेल तेव्हा आपापल्या तक्षणातून, म्हणजे भाजकातून, वजा करावीत, असा तेथे नियम आहे. आपल्या उदाहरणात ७ मधून ६ वजा केले की १ उरतो, म्हणजेच शुक्रवार. पंचांगकर्तेही ग्रहाच्या स्थानातून मोठी राशी वजा जात नसेल तर आधी बारा राशींचे एक चक्र मिळवून घेत. सकाळी आठ वाजता 'दहा तासांपूर्वी किती वाजले होते' असे विचारले, तर उणे दोन असे उत्तर कोणी देत नाही.

मराठीच्या अध्यापकाला हा हिशेब परका नसावा. जुन्या पोथ्यांच्या शेवटी शकाबरोबर संवत्सराचे नाव येते, आणि ते साठांच्या चक्रातले असते. शके १९०९ (इ.स. १९८७-८८) हे प्रभव, म्हणजे चक्रातले पहिले. ज्ञानेश्वरीचे शके १२१२ त्याच्या ६९७ वर्षे मागे. उणे ६९७ ला ६० ने भागून बाकी उणे ३७ घेतली तर संवत्सर सापडत नाही. बाकी २३ घेतली तर प्रभवापुढचे तेविसावे, म्हणजे चोविसावे, विकृती संवत्सर मिळते.

यावर एक आक्षेप येईल : मग पहिली रीत चुकीची का ठरवत नाही? मी ती चुकीची मानत नाही. सात रुपयांचे कर्ज तिघांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन रुपयांचे देणे येते आणि एक रुपयाचे देणे उरते. येथे बाकी उणे १ असणेच स्वाभाविक. कोणी प्रत्येकावर तीन रुपयांचे देणे टाकून वर दोन रुपये शिल्लक दाखवू लागला, तर त्याला आपण हिशेबनीस म्हणणार नाही. शून्याच्या दिशेने तोडणारी रीत खतावणीची आहे. तिच्यात देणे आणि घेणे ही एकमेकांची प्रतिबिंबे असतात. दुसरी रीत चक्राची : वार, संवत्सर, राशी, घड्याळ. गोंधळ होतो तो दोन वेगळ्या कल्पनांना एकच शब्द दिल्याने.

म्हणून माझी सूचना अशी. मराठीत या अर्थाचे दोन शब्द तयार आहेत. 'बाकी' अरबीतून आलेला, वहीखात्यात रुळलेला, देण्याचा अर्थ आजही बाळगणारा. 'शेष' संस्कृतातला, ज्योतिषगणितात वावरलेला. भाज्याचे चिन्ह घेऊन येते ती बाकी म्हणावी. चक्रात आपली जागा दाखवतो तो शेष म्हणावा. उणे ७७७६ ची बाकी उणे ६, शेष १. हॅस्केल आणि फोर्ट्रान या भाषांना असे दोन शब्द वेगळे ठेवावे लागले. आपल्याकडे ते आयते आहेत, पण आपण त्यांना समानार्थी मानून एक वाया घालवतो. अर्थच्छटांवर तासन्‌तास बोलणाऱ्या मराठी विभागांनी अशा कामाकडे पाठ फिरवावी, हे मला पटत नाही. पारिभाषिक शब्द म्हणजे केवळ इंग्रजी शब्दाला लावलेली चिठ्ठी नव्हे. दोन कल्पनांमधली सीमारेषा तो आखत असतो.

चाळीसगावजवळ पाटण येथे भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चंगदेव याने मठ स्थापन केला. त्या मठाचा शके ११२८ चा शिलालेख आरंभी संस्कृतात आहे आणि शेवटी मराठीत. मराठीत आहे तो मठाला द्यायच्या दानाचा तपशील. आपण तो जुन्या मराठीचा नमुना म्हणून शिकवतो. गणिताच्या एका विद्यालयाचा खर्च ज्या भाषेत कोरला गेला ती ही भाषा, एवढे त्याबरोबर सांगायला हरकत नसावी.

त्या विद्यार्थ्याला मी एवढेच कळवले की तुझे गणित कच्चे नाही आणि भाषाही कमी पडली नाही. व्याख्येतला एक शब्द आम्हा शिकवणाऱ्यांकडून राहून गेला. त्याने बाकी ऋण आल्यास तीत ७ मिळवण्याची एक ओळ आज्ञावलीत घातली. आता ती १७ सप्टेंबर १९४८ ला शुक्रवार दाखवते.