दार कोणाचे, हेही विचारा

दिवाळीला आमची पुतणी वसतिगृहातून घरी आली ती तोंड पाडूनच. चकलीला हात लावीना. खोदखोदून विचारले तेव्हा कळले, की तिच्या नावाने कोणीतरी भलतेसलते मेल धाडले होते आणि प्राध्यापकांपुढे उभे राहण्याची पाळी तिच्यावर आली होती.

"पासवर्ड कोणाला सांगितला होतास का?"

"छे हो काका! आईलासुद्धा नाही."

सांगितला नव्हता हे खरे; पण दिला मात्र होता! तो कसा, ते तिच्या सरांनीच पुढे उलगडून दाखवले.

कॉलेजच्या आवारातील वायफाय वापरायचे तर आधी ओळख पटवावी लागते. जगभरच्या विद्यापीठांत यासाठी 'एज्युरोम' नावाची सोय आहे. २००२ साली नेदरलँड्समधील क्लास विरेंगा यांनी तिची कल्पना मांडली. आज ती शंभरावर देशांत चालते. आपल्याकडे 'अर्नेट' ती सांभाळते. विद्यार्थी परमुलखात गेला तरी आपल्याच कॉलेजचा पासवर्ड वापरतो. यजमान विद्यापीठ लखोट्यावरचा पत्ता तेवढा वाचते आणि बंद लखोटा मूळ कॉलेजकडे धाडते. तिकडून "होय, हा आमचाच" असा निरोप आला, की दार उघडते. वाटेत पासवर्ड कोणाला दिसत नाही.

मग गफलत कुठे होते? लखोटा भलत्याच्याच हाती देण्यात! एखादा लबाड कँटीनमध्ये बसून त्याच नावाचे खोटे वायफाय सुरू करू शकतो. खरा सर्व्हर आपले प्रमाणपत्र दाखवतो. ते फोनने पारखून घ्यायचे असते. पुतणीच्या फोनने विचारलेही होते, "हे प्रमाणपत्र ओळखीचे नाही. पुढे जाऊ?" बाईसाहेबांना तासाची घाई! दाबले 'हो', आणि पासवर्ड गेला चोराघरी.

उपाय सोपा आहे. कॉलेजने दिलेल्या रीतीनेच फोन एकदा नीट जुळवून घ्यावा, म्हणजे खरा सर्व्हर कोणता हे त्याला ठाऊक राहते. एरवी असा प्रश्न आला तर 'नाही' म्हणावे. आणि तोच पासवर्ड दहा ठिकाणी वापरू नये.

आपले दार वाजले, की "कोण आहे?" असे आपण विचारतोच. दुसऱ्याच्या दारात उभे राहूनही "हे घर कोणाचे?" असे विचारावे, एवढे मुलांना शिकवायचे मात्र राहून गेले.

पुतणीने त्याच संध्याकाळी पासवर्ड बदलला, सरांना सारे लिहून कळवले आणि मगच चकलीचा डबा पुढे ओढला.