चक्की किती दूर?

उपनगरातल्या घराच्या जाहिरातीत ठरलेलं असतं: शाळा ५ मिनिटं, हॉस्पिटल १० मिनिटं. पण ही मिनिटं कुणाची? अर्थात गाडीवाल्याची!

आईने किन्हीराजा (ता. मालेगाव, जि. वाशिम) सोडून पुण्याला यावं म्हणून असाच एक फ्लॅट बघितला. तिने एवढंच विचारलं, "चक्की पायी किती दूर हाय रे बाबू?" मी गप्प.

गावात किराणा, चक्की, एसटी, मैत्रिणी सगळं चालत. मोठं हॉस्पिटल लांब, हे मान्य. तालुक्यातून जाणारा समृद्धी महामार्ग २०२२ पासून सुरू आहे, अडीअडचणीला तो कामी येईल. पण अडचण कधीतरी येते, दळण दर आठवड्याला असतं.

माझं मत विचाराल तर सुविधा सत्तरीतल्या पावलांनी मोजाव्यात. फ्लॅट बुक करण्याआधी एकदा पायी फिरून बघाच.