आधी सोबतच्या माणसाला विचारा

सप्टेंबर २००८मध्ये लंडनच्या ॲक्टन भागातल्या एका जलतरण तलावावर शाळेने काही विद्यार्थ्यांना नेले होते. त्यांतला एक मुलगा १६ वर्षांचा होता. त्याला तीव्र ऑटिझम आणि अपस्मार होता. बोलून काही सांगता येत नसे आणि अंगाला कुणी हात लावलेला सोसत नसे. पाणी दिसताच तो काठाशी खिळला आणि तिथून हलेना. बराच वेळ गेला तशी तलावाच्या व्यवस्थापनाने पोलिसांना बोलावले. पोलिसाने पाठीवर हात ठेवताच मुलगा कपड्यांसकट पाण्यात गेला. त्याला ओढून बाहेर काढले, दाबून धरले, हातांत बेड्या आणि पायांना पट्टे बांधले आणि तसाच ओल्या कपड्यांनी पोलीस गाडीच्या पिंजऱ्यात बसवले. हे सगळे मिळून सुमारे ४० मिनिटे चालले. मुलाने गुन्हा केला नव्हता आणि कुणावर हातही उगारला नव्हता. शाळेचे मदतनीस तिथेच उभे होते.

न्यायालयात पोलिसांनी सांगितले की आम्ही जे केले ते त्याच्याच भल्यासाठी. हे खोटे होते असे मानायचे कारण नाही, आणि म्हणूनच हा खटला नीट वाचायला हवा. पोलिसांनी हात लावण्यापूर्वी मदतनिसांचा सल्ला घ्यायला हवा होता, हा निकालातला कळीचा मुद्दा आहे. उच्च न्यायालयाने २०१२मध्ये मुलाला २८,२५० पौंडांची भरपाई दिली. ही वागणूक अमानुष आणि मानहानीकारक ठरली, आणि २०१३मध्ये अपील न्यायालयानेही हा निर्णय कायम ठेवला. पोलिसांचा हेतू चांगला होता. ज्याला त्या मुलाची सगळी माहिती होती तो माणूस हाताच्या अंतरावर होता. त्याला विचारायला अर्धे मिनिट पुरले असते.

ऑटिझम आणि पोलीस हा विषय निघाला की आपल्याकडे ‘पोलिसांना संवेदनशील करायला हवे’ एवढ्यावर चर्चा थांबते. संवेदनशीलता हवीच, पण खरी अडचण पोलिसी कामाच्या क्रमात आहे. जवळ जायचे, आवाज चढवून हुकूम द्यायचा, ऐकले नाही तर धरायचे, सुटू पाहिले तर आणखी घट्ट धरायचे, ही सवय अंगात इतकी मुरलेली असते की दयाळू हवालदारही तेच करतो. ऑटिझम असलेल्या माणसाच्या बाबतीत यातली प्रत्येक पायरी परिस्थिती बिघडवते. त्यात त्याच्या साध्या सवयी संशयितासारख्या दिसतात. तो नजरेला नजर देत नाही, म्हणजे काहीतरी लपवतोय. ‘नाव काय तुझं?’ असे विचारल्यावर तोही ‘नाव काय तुझं?’ एवढेच परत म्हणतो, म्हणजे उद्धट आहे. सायरन ऐकून कान झाकतो, हात फडफडवतो, म्हणजे नशेत आहे. पट्ट्यावरचे चकाकणारे बक्कल पाहून हात पुढे करतो, म्हणजे हल्ला करतोय. आणि घाबरून प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणतो, तेव्हा तर गुन्हा कबूलच केला असे वाटते.

असे प्रसंग क्वचित येतात असेही नाही. २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात चार वर्षांवरील ऑटिझमग्रस्त मुलांपैकी ४९ टक्के मुलांनी एकदा तरी घरातून किंवा सुरक्षित जागेतून निघून जाण्याचा प्रयत्न केल्याचे पालकांनी सांगितले होते. मूल हरवले की आई-बाप पोलीस ठाण्यातच धाव घेतात. भर बाजारात मुलाचा तोल सुटतो, आई त्याला दोन्ही हातांनी आवळून धरते, मूल किंचाळते, आणि बघ्यांतला कुणीतरी ११२ फिरवतो, कारण त्याला बाई मूल पळवताना दिसत असते. अशा वेळी येणारा पोलीस आधी आईशी काय बोलतो, यावर पुढचे सगळे ठरते.

पोलिसांना हे शिकवण्यासाठी आपल्याकडे नव्या कायद्याची गरज नाही. दिव्यांगांविषयीच्या १९९५च्या कायद्यात ऑटिझमचा उल्लेखही नव्हता. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ने तो २१ दिव्यांगत्वांत घेतला. याच कायद्याचे कलम ४७ सांगते की पोलीस अधिकाऱ्यांच्या सर्व प्रशिक्षण अभ्यासक्रमांत दिव्यांगांच्या हक्कांचे शिक्षण सक्तीचे करावे. कलम ७ने दिव्यांगावर अत्याचार झाल्यास पोलिसांनी त्याला कोणकोणत्या हक्कांची माहिती द्यायची तेही ठरवून दिले आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार लैंगिक अत्याचाराची पीडित व्यक्ती दिव्यांग असेल तर तिची फिर्याद घरी किंवा तिला सोयीच्या ठिकाणी, दुभाष्याच्या किंवा विशेष शिक्षकाच्या उपस्थितीत नोंदवायची असते. म्हणजे सोबतीला जाणता माणूस हवा, हे तत्त्व कायद्याने मान्य केले आहे. मग ऑटिझम असलेला तरुण संशयित म्हणून बाकावर बसला की त्याच्याशेजारचे माणूस बाहेर का काढले जाते? इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८४च्या पोलीस कायद्याखालील नियमांनुसार अशा संशयिताच्या चौकशीला त्याच्या बाजूने एक प्रौढ व्यक्ती बसवावी लागते. महाराष्ट्राच्या गृह विभागाला एका परिपत्रकाने अशी सुरुवात करता येईल.

यावर पहिला आक्षेप पोलिसांकडूनच येईल: रस्त्यावर आम्ही निदान करत बसायचे का? तर, नाही. समोरच्याला ऑटिझम आहे, बहिरेपण आहे की त्याला मराठी कळत नाही, हे ठरवण्याची गरजच नाही. शस्त्र दिसत नसेल तर दोन पावले मागे राहावे, सायरन बंद करावा, एकानेच बोलावे, एका वेळी एकच छोटे वाक्य बोलावे आणि उत्तराची वाट पाहावी. ही पद्धत तिघांनाही लागू पडते. खरा गुन्हेगार ढोंग करून याचा फायदा घेईल, हा दुसरा आक्षेपही टिकत नाही. इथे कुणाला सोडून द्या असे म्हटलेलेच नाही. थोडे थांबून विचारा एवढेच म्हटले आहे, आणि तेवढ्याने ढोंगी निसटत नाही.

हातात शस्त्र असेल तर काय, हा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. दुसऱ्याचा जीव धोक्यात असेल तिथे पोलिसाला वाट पाहता येत नाही, हे मान्यच करायला हवे. पण धोका किती जवळ आहे हेही पाहावे लागते. एप्रिल २०२५मध्ये अमेरिकेतल्या पोकाटेलो शहरात ऑटिझम असलेला, बोलू न शकणारा १७ वर्षांचा मुलगा घराच्या आवारात चाकू घेऊन होता. त्याच्या आणि पोलिसांच्या मध्ये जाळीचे कुंपण होते. येऊन काही सेकंद होतात न होतात तोच पोलिसांनी गोळ्या झाडल्या, आणि काही दिवसांनी मुलगा गेला. कुंपणामुळे वेळ मिळत होता. तो वापरायचे प्रशिक्षण मात्र दिसले नाही.

पालकांनी मुलाजवळ ओळखपत्र ठेवावे, असेही सुचवले जाते. ठेवावे जरूर. पण वीस-पंचवीस वर्षांचा तरुण घाबरलेला असताना कार्ड काढायला खिशात हात घालेल, तो क्षण कसा वाचला जाईल? शिवाय अनेक प्रौढांचे निदानच झालेले नसते. सगळा भार कुटुंबावर टाकणारा उपाय अर्धाच राहतो. आणि माहिती देणारा सोबत असला तरी तेवढ्याने भागतेच असे नाही. अमेरिकेतल्या नॉर्थ मायामीत २०१६मध्ये एक काळजीवाहक रस्त्यावर पाठीवर पडून, दोन्ही हात वर करून सांगत होता की शेजारी बसलेल्या माणसाला ऑटिझम आहे आणि त्याच्या हातात खेळण्यातला ट्रक आहे. तरीही गोळी सुटली आणि ती त्या काळजीवाहकालाच लागली. पिस्तूलधारी माणूस असल्याची वर्दी आली होती आणि पोलीस तीच डोक्यात घेऊन उभे होते.

म्हणून प्रशिक्षणाची सुरुवात ११२चा फोन घेणाऱ्यापासून व्हायला हवी. सोबत कुणी आहे का, तो बोलतो का, स्पर्श सोसवतो का, कशाने शांत होतो, हे चार प्रश्न फोनवरच विचारले गेले आणि उत्तरे गाडीतल्या हवालदारापर्यंत पोहोचली, तर दार उघडणाऱ्या आईला तेच सगळे रडत-ओरडत पुन्हा पटवून द्यावे लागणार नाही. बाकीचे शिक्षण व्याख्यानाने होणार नाही. ऑटिझम असलेल्या प्रौढांना आणि पालकांना मानधन देऊन पोलीस प्रशिक्षण केंद्रांत बोलवावे आणि नव्या शिपायांनी त्यांच्यासोबत प्रत्यक्ष प्रसंग करून पाहावेत. कलम ४७ लागू होऊन आठ वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. कोणत्या केंद्रात किती तासांचे आणि कुणाकडून असे प्रशिक्षण झाले, याचा तपशील गृह विभागाने येत्या अधिवेशनात विधिमंडळासमोर ठेवावा.